तळहाताला घाम, खांबाला एरंडेल

करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवळात खांब ९६ आणि विहिरीच्या पायऱ्याही ९६, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात हे देऊळ बांधलं. शहाण्णव या आकड्यावर त्यांचा जीव का जडला, ते देवीलाच ठाऊक. आम्ही मुलं प्रत्येक खांबाला मिठी मारून मोजायचो आणि मोजणी दर वेळी चुकायची. पण दगडाच्या त्या गार खांबावरून कधी कुणाचा हात सटकल्याचं आठवत नाही.

सटकला तो भाचीचा, शाळेच्या मैदानावरच्या मल्लखांबावरून. अर्ध्यावर चढली आणि सरळ खाली. गादी होती म्हणून निभावलं. “मामा, हाताला पाणी सुटतं,” एवढंच म्हणाली. मी शहाणपणा करून दुसऱ्या दिवशी तिच्या पिशवीत घरातला टाल्कम पावडरचा डबा टाकला. त्या दिवशी ती अर्ध्यावरसुद्धा पोचली नाही.

कॅरमवर पावडर कशासाठी टाकतो, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. टाल्कम म्हणजे शंखजिरं; त्याचं कामच मुळी घसरवण्याचं. जिम्नॅस्टिक्सवाले दांडीवर जाण्याआधी हाताला जो पांढरा भुगा चोळतात, तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा. तो घाम शोषतो. फळ्याचा खडू ही तिसरीच वस्तू, तोही चालत नाही. आणि खरा भुगासुद्धा चिमूटभरच लावावा. थर चढला की मधे भुकटीच घसरू लागते. शिवाय बंद खोलीत ती उडवली तर दम्याच्या मुलांना खोकल्याची उबळ येते.

मल्लखांबाचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे खांबाला चक्क तेल लावतात, तेही एरंडेल. घाम येतो म्हणून तक्रार करणाऱ्या पोरीला तेल लावलेल्या खांबावर चढवायचं, हे ऐकून तिच्या आजीने कपाळाला हात लावला होता. पण मल्लखांब नुसत्या हातांनी धरायचा नसतोच. मांड्या, पोटऱ्या, बगला, सगळं अंग खांबाला घासतं. कोरड्या लाकडावर ते सोलून निघेल. म्हणून दाट एरंडेलाचा पातळ हात खांबावर फिरवतात आणि पकडीसाठी राळेची पूड वापरतात. ही राळ चीड-देवदारासारख्या झाडांच्या चिकापासून होते. व्हायोलिनचा गज तारेवर घसरू नये म्हणून त्याला घासतात तीच. (टीकेची ‘राळ उडवणारे’ आपल्याकडे पुष्कळ, पकडीसाठी ती वापरणारे थोडे.) काही मुलांच्या कातडीला राळ सोसत नाही. पुरळ आलं तर ती बंद करावी.

हा खेळ दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने उभा केला, असं परंपरा सांगते. १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही त्याचा उल्लेख सापडतो. पुढे १९८१ साली उज्जैनला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक. पैलवानांच्या पूरक व्यायामाचा हा प्रवास. मला मात्र त्यात सगळ्यात हुशारीची वाटते ती अढी. पायांची कात्री खांबाला घट्ट बसली की हात सुटला तरी मूल खाली येत नाही. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोरी धरतात. सुती दोरी थोडा घाम पिऊन घेते, हा वरचा फायदा. म्हणजे पकड एकट्या तळहाताच्या भरवशावर सोडलेलीच नाही. अढी पक्की होण्याआधी मुलाला वर पाठवायची घाई करणारा शिक्षक मला आवडत नाही.

आता घामाचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे दोष उन्हाला देणं सोयीचं. पण उन्हाचा घाम कपाळाला, पाठीला येतो. तळहाताचा घाम मुख्यतः मनाचा. भीती वाटली, परीक्षेची घंटा झाली, पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला सांगितलं, की तिथल्या दाटीवाटीने असलेल्या ग्रंथी कामाला लागतात. हे शरीराचं खूळ नव्हे. लाकूड फोडणारा माणूस कुऱ्हाड उचलण्याआधी तळहातावर थुंकतो, नोटा मोजणारा बोट ओलं करतो. किंचित ओलसर कातडी कोरडीपेक्षा चांगली धरते. ओल वाढून पाण्याचा थर झाला की मात्र सगळं उलटतं.

भाचीच्या सरांनी हे मला एका वाक्यात समजावलं. “पावडर राहू द्या, आधी तिची उंची कमी करू.” पुरलेला खांब जमिनीवर साधारण आठ फूट असतो. त्यांनी तिला कमरेच्या उंचीपलीकडे जाऊच दिलं नाही. तिथल्या तिथे अढी घालायची, हात मुद्दाम सोडायचे, गादीवर पडायचं, पुन्हा घालायची. दर फेरीआधी सुती पंच्याला हात पुसायचे. मनगटातला गंडा, कडं, अंगठी बाहेर काढून ठेवायची, करगोटासुद्धा. नखं कापलेली. आदल्या मुलाच्या घामाने खांब चिकट झाला असेल तर तो फडक्याने पुसून मगच पुढचं मूल.

दांडीवर खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. तिथे मोठी मुलं चामड्याचे ग्रिप वापरतात. थोरल्याचे ग्रिप धाकट्याला देण्याची आपली काटकसर इथे महागात पडते. सैल झालेलं किंवा मापाबाहेरचं चामडं दांडीभोवती दुमडून स्वतःवरच अडकतं. हात जागच्या जागी थांबतो आणि झोक्यातलं शरीर पुढे जातं. अशाने हाताची हाडं मोडतात.

घट्टे पडतील, फोडही फुटतील. फुटलेला फोड साबणपाण्याने धुवावा, सुटलेली कातडी स्वच्छ कात्रीने कापावी, ओढून काढू नये. आणि जखम भरेपर्यंत लटकणं बंद. आंघोळीनंतर वजरीने घट्टे हलके घासले तर फाटत नाहीत. मलम लावायचं ते रात्री, सरावाला जाताना नाही.

काही मुलांचं प्रकरण भीतीपलीकडचं असतं. दोन्ही तळवे कारण नसताना ठिबकतात, उत्तरपत्रिका ओली होते, झोपेत मात्र हात कोरडे राहतात. घरात आई किंवा बापालाही तेच असतं. अशा वेळी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. अॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध असतं, पाण्यातून सौम्य वीज देण्याचा उपचारही असतो. घामासोबत वजन उतरत असेल किंवा ताप असेल तर लगेच जावं.

भाची दिवाळीच्या सुट्टीपर्यंत खांबाच्या मानेपाशी पोचली, म्हणजे टोकावरच्या बोंडाच्या खाली. टाल्कमचा डबा परत आरशापाशी आला. एरंडेलाची बाटली मात्र दप्तरात ठेवू नका. तिचं इतिहासाचं पुस्तक पहिल्या धड्यापासून चौथ्यापर्यंत आरपार दिसतं.