मुंबई ते लंडन : भागाकार कोठे चुकला?

अंधेरीच्या आपल्या वस्तीवरून रात्रंदिवस विमाने जातात. परंतु त्यांपैकी एकात आपले माणूस बसले म्हणजे आकाशाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. माझ्या एका विद्यार्थ्याचा वडील बंधू शिक्षणासाठी सहारच्या विमानतळावरून लंडनला निघाला. धाकट्याने घरी हिशेब मांडला : अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, तेव्हा आठ तासांत दादा पोहोचणार. आठ तास झाले, नऊ झाले, तरी निरोप येईना. आईने अन्नास स्पर्श केला नाही. अखेर साडेदहा तासांनंतर खुशाली कळली. दुसऱ्या दिवशी तो मजजवळ येऊन म्हणाला, "सर, माझा भागाकार कोठे चुकला?"

भागाकार बरोबर होता. गृहीत धरलेल्या गोष्टी तेवढ्या चुकल्या होत्या.

पहिली गोष्ट अंतराची. पृथ्वीच्या गोलावर मुंबई व लंडन यांमध्ये दोरा ताणून धरावा. तो कॅस्पियन समुद्रावरून व युक्रेनवरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, व ७,२०० किलोमीटर हे अंतर त्याचेच होय. पण विमानास दोऱ्यावरून जाता येतेच असे नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आज मध्ये न थांबता जाता येते. तथापि २०२२ साली युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद झाले, आणि वळसा घेणे भाग पडले.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वायुप्रवाह वाहतात. वारा ताशी १०० किलोमीटर धरल्यास लंडनला जाताना विमानाचा जमिनीवरील वेग ८०० उरतो व ९ तास लागतात. येताना तो १,००० होतो व ७ तास १२ मिनिटे पुरतात. जाताना गमावलेला सर्व वेळ येताना भरून निघत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट आरंभ व शेवट यांची. धावपट्टीपर्यंत जाणे, हळूहळू वर चढणे, उतरण्यापूर्वी आपली पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालणे, या काळात ९०० चा वेग कोठून असणार? म्हणून मुंबईहून लंडनला साडेनऊ-दहा तास, क्वचित अधिकही लागतात. परतीस बहुधा तासाभराने कमी.

शेवटी घड्याळाची गोष्ट. तिकिटावर प्रत्येक गावची स्थानिक वेळ छापतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास असते. हिवाळ्यात दुपारी १ वाजता निघालेले विमान तेथे सायंकाळी साडेपाचला उतरले, तर प्रवास साडेचार तासांचा नसून दहा तासांचा झाला.

पालकांस एवढीच विनंती की, घरचे कोणी निघाल्यास पोहोचण्याची छापील वेळ पाहून तीत हा फरक मिळवावा, आणि सामान घेऊन बाहेर पडण्यास आणखी तासभर धरावा. त्या विद्यार्थ्याने हा हिशेब वहीत नीट उतरून घेतला आहे. दादा सुटीत परत येईल तेव्हा आईस तो आधीच समजावून सांगणार आहे.