समजून घ्या : पालकांसाठी वर्गाचे माहितीपत्रक, एका पानात काय असावे, काय नसावे?

जून महिन्याच्या मध्यावर राज्यातील शाळांची घंटा वाजते. पहिल्याच आठवड्यात मुलांच्या दप्तरातून घरी एखादा कागद येतो. त्यावर शाळेची वेळ, गणवेश, सूचना आणि खाली ‘पालकांची सही’ असते. बहुतेक घरांत सही होते आणि कागद परत जातो. तो वाचला गेला का, समजला का, हे कुणी विचारत नाही. या कागदाचा खरा उपयोग काय, त्यात कोणती माहिती असलीच पाहिजे आणि शनिशिंगणापूरसारख्या देवस्थानाच्या गावात तो वेगळा का असावा, याचा हा आढावा.

असे पत्रक देणे शाळेवर बंधनकारक आहे का?

छापील पत्रक द्यावे, असे कायद्यात नेमक्या शब्दांत म्हटलेले नाही. मात्र, पालकांना माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या असतात. मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती यांची माहिती या सभांमध्ये द्यायची असते. सभेला न येऊ शकणाऱ्या पालकापर्यंत ही माहिती पोहोचवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक पानी पत्रक.

याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असणे आवश्यक आहे. विनाअनुदानित खासगी शाळा यातून वगळल्या आहेत. म्हणजे पत्रकाचा मसुदा तपासायला पालक शाळेतच उपलब्ध असतात. तो छापण्याआधी समितीतील दोन-तीन मातांना दाखवला, तर अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

शनिशिंगणापुरात वेगळे काय आहे?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील हे गाव घरांना दारे-कुलपे न लावण्याच्या प्रथेमुळे देशभर ओळखले जाते. गावाचा रोजचा व्यवहार मात्र शनिवारभोवती फिरतो. शनिवारी आणि त्यातही शनी अमावास्येला भाविकांची मोठी गर्दी होते. पूजेचे साहित्य, तेल, रुईच्या पानांचे हार, नारळ, प्रसाद, रसवंती, हॉटेल, पार्किंग, प्रवासी वाहतूक या सगळ्यांची आठवड्याची कमाई त्या दिवसावर अवलंबून असते.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये शनिवार हा बहुधा सकाळच्या सत्राचा, अर्ध्या दिवसाचा असतो. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही राबवला जातो. वेळ मोकळा मिळतो म्हणून अनेक ठिकाणी पालकसभाही शनिवारीच ठेवली जाते. इतर गावांत हे सोयीचे ठरते. शिंगणापुरात मात्र त्याच वेळी आई दुकानावर आणि वडील गाडीवर असतात. सभेला कुणी आले नाही की ‘पालकांना आस्था नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरे तर चूक वाराची असते. त्यामुळे इथल्या पत्रकात सभेचा दिवस सोमवार ते गुरुवारमधील असावा आणि वर्षभराच्या तारखा जूनमध्येच द्याव्यात.

दुसरा मुद्दा मुलांना घरी नेण्याचा. देवस्थानाच्या गावात रस्त्यावर रोज अनोळखी माणसे आणि बाहेरगावच्या गाड्या असतात. शनिवारी शाळा सुटते तेव्हा गर्दी वाढलेली असते. मुलाला कोण नेणार, त्या व्यक्तीचे नाव आणि नाते, ती आली नाही तर मूल कुठे थांबणार, हे पत्रकाच्या खालच्या भागात पालकाने लिहून द्यायचे रकाने हवेत. पहिली-दुसरीच्या वर्गासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. शनी अमावास्येच्या तारखा पंचांगात आधीच कळतात. त्या दिवशी शाळा सुटल्यावर काय व्यवस्था असेल, हेही दोन ओळींत लिहिता येते.

जूनमधले पत्रक नोव्हेंबरमध्ये पुन्हा का काढायचे?

नेवासे तालुका हा उसाचा पट्टा आहे. सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर हे दोन सहकारी साखर कारखाने याच तालुक्यात आहेत. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो, तेव्हा ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोप्या टाकून राहतात. त्यांच्याबरोबर शाळेच्या वयाची मुलेही येतात. जूनमध्ये वाटलेले पत्रक या पालकांनी पाहिलेलेच नसते.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम ५). वयाचा पुरावा नाही, या कारणासाठी किंवा वर्ष अर्धे सरले म्हणूनही मुलाला परत पाठवता येत नाही (कलम १४ आणि १५). मूल वयानुरूप वर्गात बसते आणि मागे पडले असेल तर विशेष प्रशिक्षण मिळवण्याचा त्याला हक्क आहे (कलम ४). स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. ते बरोबर आणले, तर नव्या शाळेला मुलाची पातळी कळते.

ही माहिती कोपीपर्यंत पोहोचली नाही, तर मूल पाच महिने फडात किंवा लहान भावंडाला सांभाळत राहते आणि पुढच्या जूनमध्ये शाळेपासून आणखी दूर जाते. म्हणून पत्रकाची हंगामी आवृत्ती काढून ती मुकादमामार्फत टोळीत पोहोचवणे हे काही प्रतींच्या झेरॉक्सचे काम आहे. त्यात चारच वाक्ये पुरेत : शाळा कुठे आहे, कागद नसले तरी प्रवेश मिळतो, दुपारचे जेवण मिळते आणि जाताना हमी पत्रक मागून घ्या.

पत्रकात कोणती माहिती हवीच?

शाळेच्या अपेक्षा आणि मुलाचे हक्क, दोन्ही एकाच पानावर हवेत. बहुतेक पत्रकांत फक्त पहिला भाग असतो. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीसाठी पुढील बाबी नमूद कराव्यात :

• मोफत काय मिळते : पाठ्यपुस्तके, दोन गणवेश, एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे. मिळण्याची अंदाजे तारीखही द्यावी, म्हणजे पालक उसनवारी करून बाजारातून गणवेश आणत नाहीत.

• दुपारचे जेवण : प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने देणारे जेवण अपेक्षित आहे. मुलाला एखादा पदार्थ चालत नसेल, तर ते लिहून द्यायला जागा ठेवावी.

• दप्तर आणि गृहपाठ : २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. २० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा २ किलो होते. दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीसाठी तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असावा, असे हे धोरण सांगते.

• शिक्षा : मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे याला कलम १७ नुसार बंदी आहे. हे वाक्य पत्रकात स्पष्ट असावे.

• सुरक्षा : तक्रारपेटी कुठे आहे, सखी सावित्री समितीत कोण आहे आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक.

• परीक्षा : पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा परीक्षेची संधी मिळते. या दोन वर्गांच्या पालकांना हे जूनमध्येच कळायला हवे.

नाव आणि जन्मतारीख : पाच मिनिटांचे काम

पहिलीच्या पत्रकात एक ओळ ठळक हवी : ‘शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद स्वतः पाहा.’ मुलाचे नाव, आडनाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात या नोंदी पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जशाच्या तशा उतरतात. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, दहावीचा अर्ज सगळीकडे तोच दाखला लागतो. आधारवर एक आणि रजिस्टरमध्ये दुसरे नाव असेल, तर पुढे खेटे घालावे लागतात. आज एका वेलांटीची चूक दुरुस्त करणे सोपे आहे. दहा वर्षांनी त्यासाठी अर्ज, पुरावे आणि प्रतिज्ञापत्रे लागू शकतात.

‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी पालकांची संमती घेतली जाते. संमतीपत्र पाठवताना हा क्रमांक कशासाठी आहे, हे दोन ओळींत सांगणे आवश्यक आहे. न समजता केलेली सही ही संमती ठरत नाही.

भाषा कशी असावी?

‘उपरोक्त विषयान्वये आपल्या पाल्याची उपस्थिती अनिवार्य असून अनुपस्थितीबाबत पूर्वसूचना देणे बंधनकारक राहील’ हे वाक्य अनेकांना समजणार नाही आणि ज्यांना समजेल त्यांना ते धमकीसारखे वाटेल. ‘मुलाला रोज पाठवा. आजारी असेल तर सकाळी फोन करा’ यात तोच अर्थ आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील महिलांची साक्षरता सुमारे ७६ टक्के होती. म्हणजे साधारण चारपैकी एका महिलेला लिहिता-वाचता येत नव्हते. नातवंडे सांभाळणाऱ्या आजीच्या पिढीत हे प्रमाण साहजिकच जास्त. म्हणून अक्षर मोठे, वाक्य छोटे आणि वेळेशेजारी घड्याळाचे, जेवणाशेजारी ताटाचे साधे चित्र असावे. मूल वाचायला शिकले की तेच पत्रक घरी वाचून दाखवू शकते. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यांत मातांना दिली जाणारी चित्रमय आयडिया कार्डे हे याचे चांगले उदाहरण आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप असताना कागद कशाला?

अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर कमावत्या माणसाबरोबर बाहेर असतो. ग्रुपवरची सूचना शुभेच्छांच्या गर्दीत वर सरकते. कागद मात्र भिंतीवर चिकटवता येतो. दोन्हींची सांगड घालणे उत्तम : घरी कागद आणि ग्रुपवर तोच मजकूर शिक्षकाच्या आवाजात दोन मिनिटांच्या ध्वनिसंदेशाच्या रूपाने.

मात्र, ग्रुपवर मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, गुण किंवा आजाराची माहिती टाकू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलांची छायाचित्रे टाकण्यास पालकांची हरकत आहे का, हे पत्रकातच विचारून घ्यावे.

एक नमुना

इयत्ता पहिली – घरच्यांसाठी
१. शाळा सोमवार ते शुक्रवार ___ ते ___, शनिवारी ___ ते ___.
२. पुस्तके, गणवेश, बूट-मोजे मोफत आहेत. अंदाजे ___ तारखेपर्यंत मिळतील. तोवर घरच्या कपड्यांत पाठवा.
३. दुपारचे जेवण शाळेत मिळते. पाण्याची बाटली द्या.
४. रोज रात्री दहा मिनिटे मुलाशी ‘आज काय झाले?’ यावर बोला. अभ्यास घेता आला नाही तरी चालेल.
५. शाळेत कुणीही मुलाला मारणार नाही. तसे झाले तर मुख्याध्यापकांना सांगा.
६. पालकसभा : ___, ___, ___ (शनिवारी नाही).
७. शिक्षकांना भेटण्याची वेळ : ___. फोन : ___.

(कापून परत द्या) मुलाला नेणारी व्यक्ती : ___ नाते : ___. ती न आल्यास : ___. आजार, औषध, न चालणारा पदार्थ : ___. छायाचित्र ग्रुपवर टाकलेले चालेल का : हो / नाही.

पत्रक जमले, हे कसे ओळखायचे?

सह्या किती आल्या, यावरून ते कळत नाही. वाटप झाल्यावर आठवड्याने चार-पाच घरी तीन प्रश्न विचारावेत : पुढची सभा कधी आहे, गणवेशाला पैसे लागतात का आणि मुलाला मार बसला तर कुणाला सांगायचे? त्यातील एक घर वाचता न येणाऱ्या पालकाचे आणि एक बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाचे असावे. उत्तरे आली नाहीत, तर दोष पालकांना न देता पत्रक बदलावे. पालकांनीही सही करण्याआधी ‘हे मला समजावून सांगा’ असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. ही माहिती त्यांना देणे हे शिक्षकांचे कायद्यानेच ठरवलेले काम आहे.