सप्ताह उठल्यावरची भाकरी

नारळी सप्ताहाचा नारळ, म्हणजे पुढच्या सप्ताहाचं यजमानपण, ज्या गावानं पदरात घेतलं, त्या गावाचं पुढचं वर्ष स्वयंपाकाच्या हिशेबात जातं. मंडप कुठं टाकायचा, पाण्याचे टँकर किती लागतील, आमटीच्या कढया कुठून आणायच्या आणि मुख्य म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या गावानं भाकरी पोचवायच्या. बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या डोंगरपट्ट्यात नारायणगड, गहिनीनाथगड आणि भगवानगड या वारकरी गडांना मानणारी गावं एकमेकांना लागून आहेत. भगवानगड तसा शेजारच्या पाथर्डी तालुक्यात, पण त्याच्या वारकऱ्यांचा मोठा गोतावळा बीडचा. 2025 च्या एप्रिलमध्ये त्याचा नारळी सप्ताह शिरूर कासार तालुक्यातल्या घाटशीळ पारगावात झाला.

पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि अखेरच्या दिवशी काला, हा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागची चुलीची व्यवस्था मात्र क्वचितच कुणी लिहून ठेवतं. आमटी मंडपाशेजारी मोठ्या कढयांत शिजते. भाकरी तिथं होत नाहीत. त्या पंचक्रोशीतल्या घराघरांत थापल्या जातात, ऐपतीप्रमाणे कुणाच्या पाच तर कुणाच्या पन्नास, आणि टोपल्यांतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून मंडपात येतात. ज्वारी-बाजरीची भाकरी कोरडी असते, लांब नेता येते, दुसऱ्या दिवशीही खाता येते. म्हणून तर हजारोंची पंगत या कोरडवाहू मुलखालाही परवडते. एकट्या धनवंताच्या अन्नछत्रात जेवणारा थोडा मिंधा होतो. इथं देणाऱ्याचं नाव भाकरीवर नसतं आणि खाणाऱ्याला कुणी गाव विचारत नाही.

भगवानगडाचे संस्थापक भगवानबाबा यांचा जन्म 1896 चा, पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचा. नारायणगडावर त्यांची घडण झाली. पुढं त्यांनी स्वतंत्र गड उभा केला आणि 1958 साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. गडाच्या कामात त्यांनी शाळेला जागा दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या लेकरांच्या आईबापांना वर्षातले सहा महिने घराबाहेर काढावे लागतात, त्यांच्यासाठी शाळा म्हणजे जेवणाचाही आधार. 2021 मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली, ती संत भगवानबाबांच्याच नावानं. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, असा तो आराखडा आहे.

दसरा झाला की मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला टोळ्यांनी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यापासून कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत ती पांगतात, कोपीत राहतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. या बायांच्या देहावर पडणारा भार 2019 मध्ये जगासमोर आला. जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

मागं राहतं कोण? म्हातारे सासू-सासरे, आणि पुष्कळ घरांत त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडं. त्यांच्या भुकेचं रूप वेगळं असतं. कणगीत ज्वारी असते, रेशनचे गहू-तांदूळ मिळतात, निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपयेही काहींच्या खात्यावर येतात. पण दळण गिरणीवर न्यायला पाय नाहीत, सरपण आणायला बळ नाही आणि भाकरी थापायला हातात जोर नाही. मग सकाळच्या चहात बुडवलेल्या शिळ्या तुकड्यावर दिवस निघतो. धान्य असूनही उपाशी राहणाऱ्या या माणसाला शिजवलेल्या अन्नाची गरज आहे. शिजवलेली भाकरी घराघरांतून गोळा करून वेळेवर पोचवण्याचं कसब तर याच गावांच्या अंगी मुरलेलं आहे. माझ्या सगळ्या लिहिण्याचा रोख एवढ्यावरच आहे.

हे जमतं याचा दाखला जिल्ह्यातच आहे. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 1982 मध्ये अंबाजोगाईला सुरू केलेल्या ‘मानवलोक’नं गावांमधल्या निराधार वृद्धांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. संस्था धार्मिक नव्हे, पण सप्ताहाच्या चुलीला वर्षभर पेटती कशी ठेवायची, हे तिच्याकडून शिकता येईल.

दुसरा दाखला जिल्ह्याच्या वेशीबाहेरचा, आष्टी आणि पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडचा. ख्रिस्ती श्रद्धेनं गरिबांच्या सेवेचा वसा घेतलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं 1970 मध्ये तिथं काम सुरू केलं. पाठोपाठ दुष्काळाची वर्षं आली. गावं औषध मागत नव्हती, अन्न आणि पाणी मागत होती. आरोळ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन सामुदायिक स्वयंपाकघरं उभी केली. लहान लेकरांना आणि गरोदर बायांना आधी जेवण. एकाच ठिकाणी शिजलेलं अन्न सगळ्या जातींची पोरं शेजारी बसून जेवू लागली. पाण्यासाठी विंधनविहिरी घेताना जागा दलित वस्तीत धरल्या, म्हणजे सवर्णांनाही तिथं हंडा घेऊन जावं लागलं. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या विहिरींच्या जागा निवडण्यात जी दृष्टी होती, ती आपल्या पंगतींना अजून हवी आहे. पंगत सर्वांची, असं आपण अभिमानानं म्हणतो. पण गावकुसाबाहेरच्या घरातली भाकरी त्याच टोपलीत तितक्याच मानानं पडते का, हेही प्रत्येक गावानं स्वतःला विचारलं पाहिजे. वाढणारा आपण आणि खाणारे ते, एवढ्यानं समता होत नाही. त्यांच्या हातचं आपण खाल्लं पाहिजे.

इस्लाममधल्या फित्र्याची शिस्तही इथं आठवते. रमजान ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळाचंही धरून, ठरलेलं धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला पोचती करायची. ईदच्या दिवशी कुणाची चूल थंड राहू नये, हा हेतू. जकात याहून वेगळी: वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. दोन्हींत दान मनाच्या लहरीवर सोडलेलं नाही. माणसं मोजली जातात, वेळ ठरते आणि जवळच्या गरजूचा हक्क आधी धरला जातो.

शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांची गोष्ट महाराष्ट्राला 2019 मध्ये कळली, त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा. कितीतरी वर्षं ते आणि त्यांचं कुटुंब गाई सांभाळत आलं आहे. कसाबाला जनावर विकायचं नाही, हा त्यांचा नेम. चाराटंचाईच्या मुलखात शंभराच्या वर जनावरं जगवायची म्हणजे स्वतःच्या ताटातलं काढून त्यांच्या दावणीत टाकण्यासारखं आहे. गेल्या काही काळात बीडचं नाव वाईट बातम्यांनी आणि जातीजातींतल्या दुराव्यानं गाजलं. त्याच जिल्ह्यात दहिवंडीही आहे, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

2025 च्या सप्टेंबरात मात्र दुष्काळी म्हणवणाऱ्या बीडला अतिवृष्टीनं झोडपलं. सिंदफणेला पूर आला, पिकांबरोबर मातीही वाहून गेली. मोठ्या देवस्थानांनी मदतीचा हात पुढं केला, मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासानं पूरग्रस्तांसाठी 10 कोटी रुपये दिले. असा पैसा हवाच. पण तो सरकारी निधीत जातो, तिथून पंचनाम्याच्या वाटेनं गावात येतो आणि त्याला वेळ लागतो. शेजारच्या घरातली भाकरी त्याच संध्याकाळी पोचते.

म्हणून आमच्या भागातल्या भजनी मंडळांना, सप्ताह कमिट्यांना, मशिदींच्या विश्वस्तांना, विहारांतल्या आणि चर्चमधल्या मंडळींना एक विनंती आहे. सप्ताहाची वही तुमच्यातल्या कमिट्यांकडे आहे. कोणत्या घरातून किती भाकरी यायच्या, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याच वहीच्या मागच्या पानावर यंदा कोयत्यावर गेलेल्या घरांची नावं लिहा आणि तिथं मागं कोण राहिलंय ते लिहा. पूर्वी गरीब विद्यार्थ्यांना घराघरांत वार लावून देत, तसे या म्हाताऱ्यांचे वार लावून द्या. ज्याचा वार, त्यानं भाकरी-कालवण घेऊन जायचं आणि घटकाभर शेजारी बसायचं, कारण औषध संपलंय की अंगात ताप आहे, ते तेव्हाच कळतं. जात-धर्म पाहून घरं वाटू नका, गल्ली पाहून वाटा. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा बऱ्याच टोळ्या निघून गेल्या असतील. दिवाळीच्या पाडव्यापासून सुरुवात करा आणि पट्टा पडेपर्यंत खंड पडू देऊ नका.