विणकामातला मेरुमणी

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं अंबाडी काही थंड हवेचं ठिकाण नाही. इथे लोकर विणतं तरी कोण, असं कुणी विचारेल. पण घरात बाळ येणार असं कळलं की कपाटावरच्या पिशवीतून सुया खाली येतातच. बाळंतविड्यात टोपडं, मोजे, इवलंसं स्वेटर घरचंच हवं, असं अजूनही पुष्कळजणींना वाटतं.

आणि मग सुरू होते मोजामोज. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव... तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, नळाला पाणी येतं, नाहीतर दारातून कुणी हाक मारतं. परत येऊन बसलं की पहिल्यापासून मोजा! घरोघरी अर्धवट स्वेटरं पडलेली असतात. त्यामागे आळस क्वचितच असतो. बाईमाणसाला सलग तासभर बसायला मिळत नाही, हे त्याचं खरं कारण.

यावर एक साधा उपाय आहे, खुणेचे मणी. दुकानात त्यांना स्टिच मार्कर म्हणतात. नाव नवं वाटलं तरी कल्पना आपल्या देवघरातली आहे. जपमाळेत 108 मणी झाले की मोठा मेरुमणी हाताला लागतो. डोळे मिटलेले असले तरी बोटांना कळतं, फेरा पुरा झाला. मेरुमणी ओलांडायचा नसतो, हा मात्र ओलांडायचा. दोन टाक्यांच्या मध्ये सुईवर तो अडकवायचा आणि तिथवर विणत आलं की डाव्या सुईवरून उजव्या सुईवर नुसता सरकवायचा. तो विणला जात नाही, फक्त खूण सांभाळतो.

नक्षी 12 टाक्यांची असेल तर दर 12 टाक्यांनंतर एक मणी घाला. मग उठावं लागलं तरी शंभर टाके मोजायला नकोत, शेवटच्या मण्यापुढचे चार-पाच मोजले की झालं. चूकही त्या 12 टाक्यांतच सापडते. गळ्यापासून खाली विणायच्या स्वेटरला पुढचे भाग, पाठ आणि बाह्या जिथे मिळतात तिथे 4 मणी घाला. दर सुलट ओळीला प्रत्येक मण्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक टाका वाढवला की ओळीत बरोबर 8 टाके वाढतात.

भिवंडी मागांचं गाव. मागावर एखादा धागा तुटला तरी सगळं कापड उसवत नाही, कारण उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. सुईवरच्या विणीत मात्र टाक्यात टाका अडकलेला. एक निसटला की शिडीसारखा सरसर खाली. म्हणून चूक लवकर दिसणं महत्त्वाचं.

साहित्य : क्रोशाचा पक्क्या रंगाचा दोरा किंवा तंगूस, काचेचे छोटे मणी, पेन्सिल, बिनरंगी नेलपॉलिश. मणी मुद्दाम आणायलाच हवेत असं नाही. तुटलेल्या माळेतले, पोतीतले चालतात. हौस असेल तर वज्रेश्वरीच्या जत्रेतून किंवा बांगड्यांच्या दुकानातून रंगीत घ्या.

कृती : 15 सेंटिमीटर दोरा मधोमध दुमडा. दुमड पेन्सिलीभोवती घालून लगेच खाली घट्ट गाठ मारा. ही झाली कडी. पेन्सिल सुईपेक्षा जाड असल्याने 8 नंबरच्या (4 मिलिमीटर) किंवा 10 नंबरच्या (सव्वातीन मिलिमीटर) सुईवर कडी सहज सरकते. आता दोन्ही टोकं एकत्र करून 2-3 मणी ओवा, खाली दोन-तीनदा गाठ मारा, गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाका. वाळल्यावर उरलेला दोरा कापा. एक मणी वेगळ्या रंगाचा करा, तो ओळीच्या सुरुवातीचा.

लोंबणारा भाग 2 सेंटिमीटरपेक्षा लांब नको, नाहीतर सुयांत गुंततो. धातूची कडी वापरणार असाल तर आधी जुन्या ओढणीवर फिरवून बघा. ओढणीचा धागा ओढला गेला तर लोकरही अडकणारच. लोखंडी कडीला पावसाळ्यात गंज चढतो आणि पांढऱ्या लोकरीला डाग पडतो, तेव्हा ती नकोच. क्रोशाकामात खूण टाक्यातच अडकवावी लागते, तिथे बंद कडी उपयोगाची नाही. सेफ्टी पिनेला मणी बांधून वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मणी मोजून 10 च करा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. विणून झालं की 10 परत आले का ते बघा. एखादा स्वेटरमध्येच राहिला तर बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

ज्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, त्या आजींनाही या मण्यांचा मोठा आधार होतो, कारण खूण बोटांना लागते. नव्याने शिकणाऱ्या मुलीला तर 'साठ टाक्यांनंतर' म्हणण्यापेक्षा 'लाल मणी आला की' म्हटलेलं चटकन कळतं. एकदा ही सवय लागली की दहा मिनिटांच्या फुरसतीतही चार ओळी होतात. मैत्रिणींनो, मोठी फुरसत मिळायची वाट बघत स्वेटर ठेवून दिलंत, तर बाळ तोवर शाळेत जायला लागेल!