कामाची चिकित्सा आणि माणसाचा मान

जेथें कोणी कोणाचा नोकर नाहीं, तेथें भांडण मिटवावें कोणीं, हा प्रश्न मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या जगास दीर्घकाळ पडलेला आहे. ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणासहि वाचतां, बदलतां व इतरांस देतां येते, त्यास हें नांव आहे. लिनक्स हें त्याचें ठळक उदाहरण होय. हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं त्याचा आरंभ केला. आज अँड्रॉइड फोनांच्या मुळाशीं तेंच आहे. तें रचणाऱ्यांपैकीं पुष्कळांना आतां निरनिराळ्या कंपन्या वेतन देतात. परंतु टॉरव्हाल्ड्स यांचा हुकूम मानण्यास त्यांतील कोणीहि बांधलेला नाहीं.

येथें सुचविलेला प्रत्येक बदल चारचौघांत तपासला जातो. चुकीचा बदल असंख्य यंत्रांत पोंचण्याचा संभव असल्यामुळें परीक्षण कठोर असणें अपरिहार्यच आहे. ‘ही ओळ चुकली आहे’ असें म्हटल्यानें काम सुधारतें. ‘ही लिहिणारा मूर्ख आहे’ असें म्हटल्यानें माणूस मात्र निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचें ज्ञानहि जातें.

टॉरव्हाल्ड्स यांची जहाल भाषा अनेक वर्षें सर्वश्रुत होती. तिच्यामुळेंच कामाचा दर्जा टिकतो, असें कित्येकांचें मत होतें. मार्च २०१५ मध्यें एक छोटा नियमलेख स्वीकारण्यांत आला. टीकेची तयारी ठेवावी, पण व्यक्तिशः अपमान झाल्यास तांत्रिक सल्लागार मंडळाकडे जावें, एवढेंच त्याचें सार होतें. कोणतें वर्तन निषिद्ध, याची यादी त्यांत नव्हती.

सप्टेंबर २०१८ मध्यें टॉरव्हाल्ड्स यांनीं आपल्या व्यक्तिगत हल्ल्यांबद्दल जाहीर क्षमा मागितली व ते कांहीं काळ दूर झाले. त्याच वेळीं जुन्या लेखाच्या जागीं सविस्तर आचारसंहिता आली. इष्ट वर्तन कोणतें, निषिद्ध कोणतें व तक्रार कोठें करावी, हें तींत स्पष्ट केलेलें होतें. त्यांच्या अनुपस्थितींत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं काम सांभाळलें, आणि ऑक्टोबरमध्यें टॉरव्हाल्ड्स परतले.

संहितेवर पुष्कळ वाद झाला. कोणी तिला दर्जाचा शत्रु मानलें. परंतु सदोष बदल नाकारण्याचा अधिकार तिनें काढून घेतला नाहीं. नाकारतांना माणसाचा पाणउतारा करण्याची मुभा तेवढी काढली. स्वेच्छेनें जमलेल्या मंडळींत असा नियम टिकावयाचा, तर तो प्रथम सर्वांत वडील माणसानें स्वतःस लावून घ्यावा लागतो.