संगणक साफ करणारे फुकट सॉफ्टवेअर : निवडायचे कसे?

धानाचे पैसे खात्यात जमा होऊ लागले की अभनपुरच्या आमच्या शाखेत सकाळपासून रांग लागते. अशाच एका दिवशी एक निवृत्त गुरुजी माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मूळचे नागपूरकडचे, म्हणून माझ्याशी मराठीत बोलतात.

"मॅडम, घरचा कॉम्प्युटर फार हळू चालत होता. जाहिरात दिसली म्हणून सफाईचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. आता ते म्हणतं, १,२४६ दोष सापडले, काढायचे तर १,८०० रुपये भरा. भरू का?"

"नका भरू, गुरुजी. आणि त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काही काम करू नका," मी म्हटलं.

गुरुजींची पेन्शन आणि मुदत ठेव याच खात्यात आहे आणि नेट बँकिंग ते त्याच संगणकावर करतात. आपल्यापैकी अनेकांची स्थिती अशीच असते, म्हणून ही माहिती.

सफाई दोन प्रकारची असते

जुन्या तात्पुरत्या फाइली काढून जागा मोकळी करणे ही एक सफाई. त्यासाठी बाहेरचे काही लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज' या भागात ती सोय असते.

मालवेअर, म्हणजे नुकसान करणारे सॉफ्टवेअर, शोधून काढणे ही दुसरी सफाई. काही मालवेअर तुम्ही कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर टिपते. त्यात पासवर्डही आला. फाइली साफ करणारे सॉफ्टवेअर अशा मालवेअरवर उपाय करेलच असे नाही.

आधी घरात आहे ते वापरा

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये जा, 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'फुल स्कॅन' निवडा. तरीही शंका उरली तर तिथलाच 'ऑफलाइन स्कॅन' करा. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि लपून बसलेले मालवेअर सापडण्याची शक्यता वाढते. आधी उघडी कामे सेव्ह करून ठेवा.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. शक्य असेल तर त्यापुढची आवृत्ती घ्या.

दुसरे मत हवे असेल तर

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर पुण्याच्या क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांची मालवेअर काढणारी साधने मोफत दिली जातात. पत्ता स्वतः टाइप करा: सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन.

कोणतेही फुकट सॉफ्टवेअर घेताना चार गोष्टी पाहा:

१. ते बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. जाहिरातीवरून, व्हॉट्सॲपच्या लिंकवरून किंवा कोणाच्या पेन ड्राइव्हमधून नको.

२. फुकटात नेमके काय मिळते ते वाचा. काही सॉफ्टवेअर फुकटात फक्त दोष दाखवतात आणि काढायला पैसे मागतात. काही एकदा साफ करतात, पण सतत पहारा देत नाहीत.

३. सतत पहारा देणारी दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

४. पैसे वाचवायला 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर टाकू नका. त्याच्याबरोबर मालवेअर येण्याचा धोका मोठा.

नावाजलेले सॉफ्टवेअरही अपडेट ठेवावे लागते. २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध सफाई सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीतच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवले होते आणि ती २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोचली. म्हणून गरज नसलेले काही टाकूच नये.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असा इशारा पडद्यावर आला तर फोन करू नका. समोरचा माणूस एनीडेस्कसारखे ॲप टाकायला सांगून तुमच्या संगणकाचा ताबा घेऊ शकतो. अशा ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

साफ झाल्यावरही काम उरते

मालवेअर निघून गेले तरी चोरलेला पासवर्ड चोराकडेच राहतो. म्हणून नेट बँकिंग आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदला. चॉईस सेंटरमधला संगणक यासाठी वापरू नका. मग गेल्या महिन्याचे व्यवहार तपासा.

अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हे तत्त्व घालून दिले की ग्राहकाची जबाबदारी ठरवताना त्याने किती लवकर कळवले हे पाहिले जाते. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणून रविवार असला तरी थांबू नका, कार्डामागच्या क्रमांकावर फोन करा.

गुरुजींनी त्याच दिवशी मुलीच्या मोबाइलवरून पासवर्ड बदलला. फुल स्कॅनमध्ये नुकसानकारक अशी दोन सॉफ्टवेअर सापडली. त्यातले एक सफाईचे म्हणून टाकलेले तेच होते. खात्यातून पैसे गेले नव्हते. तुम्हालाही अशी शंका आली तर आधी शाखेत विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.