पित्त नव्हे, पित्ताशय!

‘पित्त झाले’ या दोन शब्दांत मराठी घराने किती विकार कोंबले आहेत! छातीतील जळजळ पित्ताची, अर्धशिशी पित्ताची, आंबट उलटी पित्ताची. अंगावर गांधी उठल्या तरी तेही पित्तच. आमसुलाचे पाणी किंवा थंड दूध घ्यावे आणि कामाला लागावे, हा आपल्या गृहिणींचा परिपाठ. याच परिपाठापायी एक निराळेच दुखणे वर्षानुवर्षे दडून राहते.

पुण्याहून बदली होऊन आलेल्या आमच्या एका सहकारी भगिनी नोएडात राहतात. हिवाळ्यातील लग्नसराईत जेवून त्या घरी परतल्या आणि मध्यरात्री पोटाच्या वरच्या भागात कळ उठली. ती पाठीत, उजव्या फऱ्याखाली भिडत होती. दोन तासांनी ओसरली. ‘तूप बाधले’ म्हणून विषय संपला. असे तीनदा झाले. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘पित्त की थैली में पथरी होगी.’ बाईंना वाटले, आजीही आपल्या नेहमीच्या पित्ताविषयीच बोलत आहेत! अखेर सोनोग्राफीत खडे दिसले.

यकृताखाली असलेली ही लहानशी पिशवी म्हणजे पित्ताशय. यकृतात तयार झालेले पित्त तीत साठते आणि स्निग्ध अन्न पोटात गेले की पिशवी आकुंचन पावून ते आतड्यात सोडते. पित्तातील कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर गेले की त्याचे खडे बनतात. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की कळ येते. म्हणूनच ती बहुधा जेवणानंतर किंवा रात्री येते, उजव्या बरगडीखाली अथवा पोटाच्या वरच्या मध्यभागी, आणि अर्ध्या तासापासून काही तास एकसारखी राहते. मळमळ असते, परंतु ढेकर देऊन, उलटी होऊन, कूस बदलून किंवा आम्लनाशक गोळी घेऊन ती थांबत नाही. जळजळ आणि कळ यांतला हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मात्र वरच्या पोटातील दुखणे स्त्रियांमध्ये कधी हृदयविकाराचेही असते. घाम सुटला, दम लागला तर त्वरित रुग्णालय गाठून प्रथम ईसीजी काढावा.

पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे खडे अधिक आढळतात. इस्ट्रोजेनमुळे पित्तातील कोलेस्टेरॉल वाढते. गर्भारपणात पित्ताशयाची हालचालही मंदावते. लठ्ठपणा, मधुमेह यांचाही हात आहे. आणि झटपट वजन उतरवण्यासाठीचे कडक उपवासही निर्दोष नाहीत, हे व्रतस्थ भगिनींनी रागावू नये म्हणून हळूच सांगतो.

दक्षिणेपेक्षा उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयातील खडे आणि पित्ताशयाचा कर्करोग या दोहोंचे प्रमाण जास्त आहे, आणि दिल्लीचा परिसर याच पट्ट्यात येतो. खडे असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग होत नाही. पण वारंवार येणारी कळ अंगावर काढण्याचे हे ठिकाण नव्हे. खडा पित्तनलिकेत उतरला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, गडद लघवी किंवा पाच-सहा तास न थांबणारी कळ, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

मुतखड्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन हे खडे वाहून जात नाहीत. तेल-लिंबाच्या उपायाने ‘पडलेले’ हिरवे गोळे बहुधा त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात. त्रास न देणाऱ्या खड्यांना बहुतेकदा हातही लावावा लागत नाही. कळ येऊ लागली की शस्त्रक्रिया करून पित्ताशयच काढतात. ‘खडे काढा, पिशवी ठेवा’ हा आग्रह व्यर्थ, कारण त्याच पिशवीत ते पुन्हा होतात. पित्त मग यकृतातून थेट आतड्यात उतरते. दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, आज जिल्ह्याच्या गावीही ती होते.

आमच्या भगिनी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी घरी आल्या. सोनोग्राफीला जाताना सहा-आठ तास उपाशीपोटी जावे, एवढे मात्र त्या प्रत्येकीला सांगतात. पहिल्या खेपेस त्या चहा-पोहे घेऊन गेल्या होत्या आणि आकसलेल्या पिशवीत काही दिसेना म्हणून परत आल्या होत्या.